एकच तबकडी : सत्तरच्या दशकातील मुंबईच्या रॉक वाद्यवृंदांची उपेक्षित कहाणी

१/ २०११ साली लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' या ध्वनिमुद्रिका कंपनीने एका भारतीय वाद्यवृंदाचे जुने संगीत पुन्हा प्रकाशात आणले. वाद्यवृंदाचे नाव 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट', गाव मुंबई, आणि त्याच्या नावावर तबकडी एकच : 'ऑब्सेशन ७७'. परदेशांतील संग्राहक तिच्या मूळ प्रतीसाठी भली मोठी किंमत मोजायला तयार होते. ज्या शहरात हे संगीत घडले, त्या शहराच्या मराठी सांस्कृतिक इतिहासात मात्र त्याला साधी तळटीपही मिळालेली नव्हती. असे का झाले, याचा शोध या थ्रेडमध्ये घेतला आहे.

२/ सत्तरच्या दशकातील अनेक ब्रिटिश पॉप-रॉक वाद्यवृंदांना त्यांच्या गुणवत्तेच्या मानाने कीर्ती मिळाली नाही, अशी हळहळ रसिक आजही व्यक्त करतात. 'बॅडफिंगर' हे त्यातले ठळक उदाहरण. पण बॅडफिंगरच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. त्या ऐकून कोणालाही आपले मत बनवता येते, बदलताही येते. मुंबईच्या वाद्यवृंदांची उपेक्षा अधिक खोल आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांचा आवाज तबकडीवर उतरलाच नाही. जे ऐकताच येत नाही, त्याचे पुनर्मूल्यमापन कसे करायचे? इतिहासाच्या अभ्यासकाला भेडसावणारा प्रश्न नेमका हाच आहे.

३/ आरंभ रेडिओपासून करावा लागतो. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. पुण्यात जन्मलेल्या या मराठी गृहस्थांचा शास्त्रीय संगीतावर अपार विश्वास होता आणि चित्रपटगीतांविषयी तितकाच अविश्वास. आकाशवाणीने हलक्याफुलक्या संगीताला दार लावले आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. 'बिनाका गीतमाला' सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु त्याच केंद्रावरून इंग्रजी गाण्यांची 'हिट परेड'ही लागत असे. लघुलहरींना शहर आणि गाव हा भेद ठाऊक नव्हता. कुलाब्यात ऐकू येणारे गाणे सोलापूरच्या गिरणीवस्तीतल्या रेडिओवरही, खरखरीसह का होईना, लागू शकत होते.

४/ तबकड्या मात्र सर्वत्र पोहोचत नव्हत्या. देशातील तबकड्यांचे उत्पादन प्रामुख्याने ग्रामोफोन कंपनीच्या कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यातून होई, आणि विलायतेतील कोणत्या तबकड्या येथे छापायच्या हे कंपनी ठरवी. मुंबईत काळाघोड्याचे 'ऱ्हिदम हाऊस' हे १९४८ पासूनचे दुकान रसिकांचे तीर्थक्षेत्र होते. एखाद्याच्या घरी लंडनहून तबकडी आली की ती हातोहात फिरे. ती पुन:पुन्हा लावून गिटारचे सूर कानाने टिपायचे, न कळलेले शब्द अंदाजाने भरायचे, अशी ती शिकवणी होती. स्वरलिपी हाती नसताना ऐकून शिकण्याची ही पद्धत आपल्या परंपरेला परकी नव्हती. फरक इतकाच, की समोर गुरूऐवजी फिरती तबकडी होती.

५/ या परंपरेचा एक दुवा सातारा जिल्ह्यात आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ साली पाच विद्यार्थ्यांनी 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमांतून वाजवीत. त्यांच्यात पियानोवर बसणारा झांझिबारचा पारशी मुलगा म्हणजे फारुख बलसारा, म्हणजेच पुढे 'क्वीन'चा गायक म्हणून जगाला ठाऊक झालेला फ्रेडी मर्क्युरी. ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते, पण चमत्कार म्हणून. वास्तविक साठच्या दशकात मुंबई-पुण्याच्या शाळा-महाविद्यालयांतून असे वाद्यवृंद निघतच होते. त्यांच्यातला एक मुलगा लंडनला गेला; बाकीचे येथेच राहिले.

६/ येथे राहणाऱ्यांपुढील पहिली अडचण वाद्यांची होती. परकीय चलनाच्या टंचाईचा तो काळ. विजेवर चालणारी विलायती गिटार वा अ‍ॅम्प्लिफायर आणायचा, तर आयात परवाना आणि जबर जकात आडवी येई. धोबीतलावचे 'फुर्टाडोज' हे वाद्यांचे जुने दुकान जवळ होते, पण दुकान असणे आणि माल परवडणे या निराळ्या गोष्टी. मग जहाजावर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून तारा मागवायच्या, देशी कारागिराकडून गिटार घडवून घ्यायची, सभा-समारंभांच्या ध्वनिवर्धकावर भागवायचे, असे मार्ग निघाले. त्या काळच्या भारतीय ध्वनिमुद्रणांत जो खरखरीत, किंचित फाटलेला नाद ऐकू येतो, त्यात शैलीचा वाटा किती आणि टंचाईचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

७/ या वाद्यवृंदांना पहिले अखिल भारतीय व्यासपीठ मिळाले ते एका सिगारेटमुळे. इंपीरियल टोबॅको कंपनीने आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही स्पर्धा सुरू केली. तरुण ग्राहक मिळवणे हा तिचा उघड हेतू होता. तरीही निरनिराळ्या शहरांतील वाद्यवृंदांनी परस्परांना पहिल्यांदा ऐकले ते बहुधा अशाच मंचांवर. स्पर्धेतील निवडक वाद्यवृंदांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन तबकड्या निघाल्या. शिलाँगचा 'फेंटोन्स', मद्रासचा 'कन्फ्यूजन्स', मुंबईचा 'वेल्व्हेट फॉग' ही नावे आज अभ्यासकांना ठाऊक आहेत, ती याच तबकड्यांमुळे. जाहिरातीचा हा अवशेष आज त्या काळाचे प्राथमिक साधन ठरला आहे. इतिहासात असे वारंवार घडते : जतन करण्याच्या हेतूने जे केले नाही, तेच टिकते.

८/ स्पर्धेची मुंबईतील जागाही अर्थपूर्ण होती. किंग्ज सर्कलचे षण्मुखानंद सभागृह १९६३ साली उभे राहिले, ते मुख्यतः दाक्षिणात्य शास्त्रीय संगीताच्या ओढीतून. त्याच रंगमंचावर खांद्यापर्यंत केस वाढवलेली मुले गिटारी घेऊन उभी राहत. सत्तरच्या दशकाच्या तोंडावरची मुंबई कशी होती, याचे नेमके चित्र हवे असेल तर एका सभागृहातील या दोन संध्याकाळी शेजारी ठेवून पाहाव्यात.

९/ संगीताच्या भोवती एक छोटी वाचनसंस्कृतीही होती. कलकत्त्याहून १९६७ पासून निघणारे 'ज्युनियर स्टेट्समन' हे साप्ताहिक देशभरच्या इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांना वाद्यवृंदांच्या बातम्या पुरवी. १९७१ साली लोणावळ्याजवळ मळवली येथे 'स्नेहयात्रा' नावाचा खुल्या माळावरचा संगीतमेळा भरला. अमेरिकेतील वुडस्टॉकच्या बातम्या वाचलेल्या पिढीचा तो आपल्या मातीतला प्रयोग. ज्या मळवलीला लोक एरवी कार्ले-भाजे लेणी पाहायला उतरत, तेथे गिटारी घेतलेली तरुण मंडळी उतरली, ही घटना मावळच्या स्थानिक इतिहासातही नोंदण्याजोगी आहे.

१०/ १९७२ साली 'लेड झेपेलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. येथील वादकांना सोबत घेऊन त्यांनी आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते अधिकृतरीत्या प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडले. त्याच मुक्कामात कुलाब्यातील 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये त्यांनी स्थानिक वादकांची वाद्ये घेऊन वाजवले, ही आठवण मुंबईत अजून सांगितली जाते. पाहुणे एका रात्रीसाठी आले होते. त्या जागी रोज रात्री वाजवणाऱ्यांची नावे मात्र या आठवणीतून बहुधा गळून पडतात. उपेक्षा कशी घडते, हे दाखवायला एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

११/ येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडायला हवा. १९७२ हे महाराष्ट्रासाठी भीषण दुष्काळाचे साल. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, त्याच वर्षअखेरीस 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले. अशा काळात कुलाबा-चर्चगेटच्या वातानुकूलित खोल्यांत इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या मुलांचा इतिहास कशासाठी लिहायचा? आक्षेप निराधार नाही. या वाद्यवृंदांतील बहुतेक तरुण इंग्रजी शाळांतून आले होते. पारशी, गोवेकर ख्रिस्ती, सिंधी, अँग्लो-इंडियन आणि सुखवस्तू हिंदू घरांतून आले होते. गिरणगावाशी त्यांचा संबंध जवळजवळ नव्हता. पण वर्गमर्यादा हे इतिहास न लिहिण्याचे कारण होऊ शकत नाही; ती त्या इतिहासातच लिहायची गोष्ट आहे.

१२/ शिवाय ती भिंत वाटते तितकी अभेद्य नव्हती. कोल्हापुरात जन्मलेले, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहिणारे कवी अरुण कोलटकर १९७३च्या सुमारास गीतकार-गायक होण्याच्या विचारात होते. त्यांनी इंग्रजी गाणी रचली, ती ध्वनिमुद्रित करून पाहिली. अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाजही शिकले. बेत तडीस गेला नाही. १९७६ साली 'जेजुरी' पुस्तकरूपाने आले आणि कवी म्हणून त्यांचे स्थान पक्के झाले. पण मराठी नवकवितेच्या थोर कवीला त्या काळी पॉप-रॉक ही आपली अभिव्यक्ती होऊ शकते असे वाटले, ही बाब या संगीताकडे केवळ 'साहेबी चाळे' म्हणून पाहणाऱ्यांना विचारात पाडणारी आहे.

१३/ या साऱ्या हालचालींना रंगमंचीय उंची मिळाली १९७४ साली. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राईस या दोन तरुण इंग्रजांचा 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा १९७० साली आधी तबकडीच्या रूपात आला, मग रंगमंचावर. अ‍ॅलेक पदमसी यांनी मुंबईत त्याचा प्रयोग उभा केला. येशूच्या भूमिकेत मधुकर चंद्र दास होते आणि ज्यूडासच्या भूमिकेत नंदू भेंडे. रॉकच्या वेगात, उंच पट्टीत, संपूर्ण नाटक गाऊन उभे करायचे, हे काम येथील गायक-वादकांनी पेलले, हाच त्यांच्या तयारीचा पुरावा होय.

१४/ नंदू भेंडे हे नाव मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावे. 'दिनूच्या सासूबाई राधाबाई', 'झोपी गेलेला जागा झाला' अशा फार्सनी महाराष्ट्राला हसवणारे आत्माराम भेंडे यांचे ते पुत्र. आई आशा भेंडे यादेखील मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री. 'वेल्व्हेट फॉग', 'सॅव्हेज एन्काउंटर' अशा वाद्यवृंदांतून ते गात. वडील शिवाजी मंदिरात प्रेक्षकांची दाद घेत आहेत आणि मुलगा इंग्रजी रॉक गातो आहे, हे चित्र 'मराठी' आणि 'पाश्चात्त्य' अशा दोन कप्प्यांत इतिहास विभागणाऱ्यांना गैरसोयीचे वाटते. घराघरांत मात्र हे कप्पे नव्हते.

१५/ 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' याच वातावरणात घडले. कीथ कांगा हे त्याचे सूत्रधार, नील चट्टोपाध्याय गिटारवर आणि 'सुपरस्टार'मधले मधुकर चंद्र दास गायनाला. हॉटेले, डिस्कोथेक, महाविद्यालयीन महोत्सव हे त्यांचे क्षेत्र. 'ऑब्सेशन ७७' या तबकडीत जिमी हेंड्रिक्सच्या 'फॉक्सी लेडी'सारख्या परक्या रचना आहेत आणि स्वतःच्याही आहेत. ऐकताना जाणवते ते असे, की ब्रिटिश हार्ड रॉकचा जडपणा, आफ्रिकी-अमेरिकी नृत्यसंगीताची लय आणि दाराशी येऊन ठेपलेला डिस्को हे सारे एकाच खोलीत दाटीवाटीने बसले आहे. ही दाटी मुंबईचीच.

१६/ 'पण ही तर नक्कल!' हा सर्वांत जुना आक्षेप. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले : नकलेपासून सुरुवात कोणी केली नाही? बीटल्सच्या १९६३च्या पहिल्या तबकडीतील १४ गाण्यांपैकी ६ गाणी इतरांची, तीही बहुतांश अमेरिकी कलावंतांची होती. दुसरे उत्तर घरचे आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांना १८८० साली 'संगीत शाकुंतल' रचण्याची प्रेरणा पारशी मंडळीच्या उर्दू संगीतनाटकाने दिली, आणि त्यातील पदांना चाली मिळाल्या त्या कीर्तनापासून लावणीपर्यंत आणि कानडी गाण्यांपर्यंतच्या. आज ते नाट्यसंगीत मराठीपणाची खूण मानले जाते. उसने घेणे हा दोष नव्हे. उसने घेतलेल्याचे पुढे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

१७/ आणि या प्रश्नाचे उत्तर संमिश्र आहे. मुंबईच्या वाद्यवृंदांना उसन्यातून स्वतःचे घडवायला पुरेशी उसंत मिळाली नाही. हॉटेलचा मालक त्यांना पैसे देई तो गिऱ्हाइकाला ओळखीचे गाणे हवे म्हणून. स्वतःची रचना वाजवली की नृत्याची जागा ओस पडे. ध्वनिमुद्रिका कंपनीला चित्रपटसंगीत सोडून दुसरीकडे पाहण्याचे कारण नव्हते. लंडनमध्ये नवख्या वाद्यवृंदामागे कंपनी, व्यवस्थापक, संगीतविषयक साप्ताहिके आणि नभोवाणी अशी साखळी उभी असे. मुंबईत वाद्यवृंद होता आणि श्रोते होते; मधल्या कड्या नव्हत्या. गुणवत्तेच्या अभावापेक्षा व्यवस्थेचा हा अभाव अधिक निर्णायक ठरला.

१८/ तरीही या संगीताचा एक प्रवाह मराठीत उतरला. १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणले. बर्टोल्ट ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'चे हे रूपांतर, आणि ब्रेख्तचे नाटक स्वतः जॉन गेच्या १७२८ मधील 'बेगर्स ऑपेरा'वरून घेतलेले. लोकसंगीत आणि नाट्यसंगीताच्या शेजारी या नाटकात पाश्चात्त्य ढंगाची गाणीही आली, आणि त्या बाजूला नंदू भेंडे होते. कुलाब्याच्या डिस्कोथेकमधून निघालेला सूर असा मराठी प्रेक्षकापर्यंत, मराठी शब्दांत, पोहोचला. हा प्रवाह पुढे रुंद झाला असता तर मराठी गाण्याचा इतिहास कदाचित वेगळा दिसला असता.

१९/ तो रुंद झाला नाही. १९८० साली 'कुर्बानी' चित्रपटातील बिद्दूंनी स्वरबद्ध केलेले आणि नाझिया हसनने गायलेले 'आप जैसा कोई' देशभर घुमले. बिद्दू हे मूळचे बंगलोरचे. तेथील वाद्यवृंदातूनच ते लंडनला गेले होते. डिस्कोथेकला आता जिवंत वाद्यवृंदाची गरज उरली नाही. तबकडी लावणारा एक माणूस पुरे झाला. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मार्चमध्ये 'द पोलीस' हा ब्रिटिश वाद्यवृंद 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब'च्या निमंत्रणावरून मुंबईत गाऊन गेला. विलायती रॉक ऐकायला शहर उत्सुक होते. स्वतःचे रॉक मात्र त्याच सुमारास मावळत होते. वादक चित्रपटांच्या आणि जाहिरातींच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले, काही परदेशी गेले, काहींनी नोकऱ्या धरल्या.

२०/ मागे बीज उरले होते. सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात शिकताना मुंबईच्या 'सॅव्हेजेस' वाद्यवृंदात वाजवणारे रेमो फर्नांडिस गोव्यात परतले आणि १९८४ साली त्यांनी घरीच ध्वनिमुद्रित केलेली 'गोअन क्रेझी' ही ध्वनिफीत काढली. त्यात हॉटेलच्या गिऱ्हाइकाची आवड नव्हती, गोवा होता. १९८४ मध्येच मुंबईत सुरू झालेल्या 'रॉक मशीन'ने १९८८ साली स्वतःच्या रचनांची तबकडी आणली. भारतीय रॉकचा इतिहास पुष्कळदा येथून सुरू केला जातो. तसे केले की आधीची दोन दशके प्रस्तावनेत ढकलली जातात.

२१/ आता साधनांचा प्रश्न. २०१४ साली सिद्धार्थ भाटिया यांचे 'इंडिया सायकेडेलिक' हे इंग्रजी पुस्तक या पिढीवर प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नंदू भेंडे यांचे निधन झाले. २०१६ साली 'ऱ्हिदम हाऊस' बंद झाले. या तीन घटना शेजारी ठेवल्या की अभ्यासकाची अडचण ध्यानात येते : इतिहास लिहिला जाऊ लागला तेव्हा साक्षीदार आणि जागा दोन्ही निरोप घेऊ लागले होते. कार्यक्रमांची पत्रके, स्पर्धांची प्रशस्तिपत्रे, छायाचित्रे, घरी केलेल्या ध्वनिफिती हे सारे आजही अनेक घरांच्या माळ्यांवर असणार. मुंबईच्या दमट हवेत चुंबकीय फितीला बुरशी लागते. ती कोणत्याही इतिहासकारासाठी थांबत नाही.

२२/ म्हणून 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' थोर होते की नव्हते, हा वाद तूर्तास दुय्यम आहे. त्यांची एक तबकडी टिकली, म्हणून तो वाद तरी घालता येतो. ज्यांची एकही टिकली नाही, त्यांना वाईट ठरवण्याची संधीसुद्धा काळाने कोणाला ठेवली नाही. 'ऑब्सेशन ७७' ऐकताना म्हणूनच तिच्या मागे उभ्या असलेल्या, ऐकू न येणाऱ्या साऱ्या वाद्यवृंदांचे भान ठेवावे. आणि कोणाच्या घरी, एखाद्या काकांच्या वा मामांच्या जुन्या ट्रंकेत, खांद्याला गिटार लावलेल्या तरुणांचे कृष्णधवल छायाचित्र सापडलेच, तर त्याच्या मागे नावे, गाव आणि साल आधी लिहून ठेवावे. ती नावे सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत, तोवरच.